मडमबाईंची पक्कड

मुलांनो, साताऱ्याच्या आमच्या चर्चमध्ये एक वृद्ध जर्मन बाई पेटी वाजवायच्या. सगळे त्यांना मडमबाई म्हणत. भिंतीत रिकामा खिळा दिसला की त्या पिशवीतून पक्कड काढत आणि तो उपटत, मग घर कोणाचंही असो. माझ्या स्वयंपाकघरातले खिळेही त्यांनी सोडले नव्हते.

एकदा मी कारण विचारलं. तरुणपणी त्या मुंबईतल्या जर्मन लोकांच्या चर्चच्या मंडळीत होत्या. मायदेशात नाझी सत्तेवर आले, तेव्हा जर्मन वकिलातीने त्या चर्चमध्ये नाझींचा झेंडा लावायला सांगितलं. मंडळीने दोनदा नकार दिला.

“तिसऱ्या वेळी आम्ही फक्त खिळा ठोकला,” त्या म्हणाल्या. “वकिलातीतले साहेब गप्प बसावेत म्हणून. झेंडा पुढच्या रविवारी आला.”

आणीबाणीत आमच्या चर्चला सरकारी घोषणांचा फलक लावण्याचा निरोप आला. उपासनेआधी रखवालदार वेदीमागे खिळा ठोकत होता. मडमबाईंनी त्याच्यापुढे पक्कड धरली.

“काढ तो.”

“आवं मडमबाई, नुसता खिळाच हाय की! आन् काढला तर माजी नोकरी जाईल.”

त्यांनी वळून पाळकसाहेबांकडे पाहिलं, मग आम्हा सगळ्यांकडे. कोणीही उठलं नाही. पुढच्या रविवारी फलक लागला. त्याच्याखाली बसून त्यांनी पेटी वाजवली.

त्यानंतर त्या माझ्याकडे चहाला येणार होत्या. त्या उपटतील या आशेने त्यांच्या नेहमीच्या खुर्चीसमोर मी मुद्दाम एक खिळा ठोकून ठेवला. त्यांनी तो पाहिला, बराच वेळ पाहिला, आणि मग साखर मागितली.