आग्नेयेच्या खिडकीतला रेडिओ

रिपेअरिंगच्या दुकानात दोन गोष्टी आपोआप साठतात: परत न नेलेले सेट आणि गिऱ्हाइकांचे किस्से. सेट भंगारात देता येतात. किस्से कोण घेणार? म्हणून तुम्हाला सांगतो.

दोन हजार सालानंतर आमच्या देवासात सॅटेलाइट रेडिओ आले. हातात मावेल एवढा सेट आणि वहीएवढा चपटा अँटेना. मराठी गाण्यांचं अख्खं चॅनल! पिढ्यान् पिढ्या माळव्यात राहिलेल्या आमच्या लोकांना आणखी काय हवं होतं? अट एकच, अँटेनाला आकाश दिसायला हवं.

*

धारच्या एका साहेबांचा सेट दुकानात वाजायचा, घरी मुका. शेवटी बस धरून गेलो. साहेबांनी तो देवघराशेजारच्या लोखंडी कपाटात कुलूपबंद ठेवला होता. याला आकाश लागतं म्हटल्यावर ते माझ्यावरच चिडले. "घरात वाजत नाही तो घरगुती रेडिओ कसला?"

*

सिग्नल यायचा आग्नेयेकडून. आणि जुन्या घरांत आग्नेयेला काय असतं? स्वयंपाकघर! पुरुषांनी हौसेनं बैठकीसाठी घेतलेला रेडिओ घरोघरी ओट्यावर जाऊन बसला.

रिटायर्ड मास्तर जोशीसरांकडेही तेच झालं. पण त्यांच्या पत्नी, माई, सोवळ्याच्या कडक. बिनआंघोळीचा माणूस त्यांच्या स्वयंपाकघरात पाऊल टाकू शकत नसे, मग तो मेकॅनिक का असेना. मी त्यांच्या न्हाणीत आंघोळ केली, सरांचा पंचा नेसलो आणि तसाच स्टुलावर चढून खिडकीत अँटेना लावला. शेजारचे कैलाशभिया दारातून बघत होते. "भिया, गाना सुनने के लिए नहाना पड़े, ऐसा रेडियो पहली बार देखा."

*

पुढे माईंनी अंथरूण धरलं. खाट बैठकीत, रेडिओ स्वयंपाकघरात. मी अँटेनाची लांब केबल ओढून बघितली, वाटेतच सिग्नल मेला. मग सर स्वतः ओट्यापाशी उभे राहून अभंग ऐकायचे आणि खाटेशी येऊन म्हणून दाखवायचे. तीन दिवसांनी माई मला म्हणाल्या, "यांच्या तोंडून अभंगसुद्धा पाढ्यांसारखे ऐकू येतात."

मला लाज वाटली. मी स्वयंपाकघरातल्या रेडिओपासून वायर आणून माईंच्या उशाशी एक स्पीकर लावला. आवाज अगदी स्वच्छ आला. माईंनी एक गाणं ऐकलं आणि तोंड भिंतीकडे केलं. सरांनी खोदून विचारलं तेव्हा कुठे कळलं, की त्यांना रेडिओ नकोच होता, त्यांना स्वयंपाकघर हवं होतं. पण उठून आंघोळ करणं आता जमत नव्हतं, आणि नियम त्यांचाच होता.

सरांनी त्यांचं अंग ओल्या टॉवेलनं पुसलं, धुतलेलं लुगडं नेसवलं. मग कैलाशभियांनी आणि मी आंघोळी करून खाट ओट्यासमोर नेली. आपल्या डब्यांकडे बघत माई शेवटचे अठरा दिवस तिथे होत्या. मी दुकानात येऊन रडलो, खोटं कशाला सांगू?

*

काही वर्षांनी ती सर्व्हिसच बंद पडली. एकेक गिऱ्हाईक सेट आणून माझ्या काउंटरवर टाकू लागलं. सर आले नाहीत. त्यांचा फोन आला, "सिग्नल गेलाय, जरा बघून जा."

गेलो. टेबलावर मागच्या आठवड्यातला पेपर होता, सर्व्हिस बंद झाल्याची बातमी वर येईल असा घडी घातलेला. शेजारी सरांचा चष्मा. मी बातमीकडे पाहिलं, सरांनी मला पाहताना पाहिलं.

मी स्वयंपाकघराकडे वळलो, तर सरांनी मला दारात अडवलं. त्यांच्या हातात धुतलेला पंचा होता.

"पाणी काढलंय," ते म्हणाले. "आधी आंघोळ करून घ्या. हिला बिनआंघोळीचं चालत नाही."

मी आंघोळ केली, पंचा नेसलो आणि स्टुलावर चढलो.