मामांना सांगा

क्रांती चौकात मोबाइलच्या दुकानाच्या वर माझा इंग्रजी बोलण्याचा क्लास आहे. रविवारी तिथं कंपन्यांतली माणसं येतात आणि प्रत्येकाला इंग्रजी पुढच्या रविवारच्या आत यायला हवं असतं. योगिनी त्यातलीच, पण तिच्या घाईचा मला राग येत नसे. बिडकीनजवळच्या एका कारखान्यात ती गाड्यांच्या वायरी जोडते. तिला लाइन लीडर व्हायचं होतं आणि लीडरला साहेबांशी इंग्रजीत बोलावं लागतं. बाकावर टेकली की तिचा गुडघा हलायला लागायचा, मी ओरडले तरी थांबायचा नाही.

त्या महिन्यात धडा होता संवादाच्या शब्दांचा. एक्सप्लेन, इंटरप्ट, कन्व्हिन्स, रिमाइंड, हिंट. मी तिला विचारलं, "हिंट म्हणजे?"

"कडी वाजवणं, मॅडम."

सगळे हसले, मीही हसले. ती मात्र गंभीर होती. तिच्या सासरी सुनेनं सासऱ्याशी थेट बोलायचं नसतं. चहा झाला की दाराची कडी वाजवायची. त्यापुढचं काही असेल तर सासूला म्हणायचं, "आत्या, मामांना सांगा." मामा म्हणजे सासरा मुंजाबा. तो तिथंच बसलेला, सगळं ऐकत असतो आणि उत्तरही बायकोलाच देतो, "सांग तिला." लग्नाला सहा वर्षं झाली. घरची मेंढरं कमी झाली, मुलगा, म्हणजे योगिनीचा नवरा, शहरात नोकरीला लागला, घरात टीव्ही आला, पण हे काही बदललं नाही.

मग मुलाखत झाली आणि पुढच्या रविवारी ती रडतच जिना चढून आली. समोर मोठे साहेब होते, पांढऱ्या मिशांचे, आणि शेजारी ऑफिसातल्या अमृता मॅडम. प्रश्न साहेबांनी विचारले. योगिनीनं प्रत्येक उत्तर मान खाली घालून अमृता मॅडमना दिलं. एकदा तर चक्क म्हणाली, "प्लीज टेल सर." साहेब वैतागले. ही माझ्याकडं बघतही नाही, लाइनवर काय बोलणार? अमृता मॅडमनी गयावया करून तिला मंगळवारी अजून एक संधी मिळवून दिली.

"माझं इंग्रजी चुकलं का मॅडम?"

"इंग्रजी बरोबर होतं गं. बोललीस भलत्याच माणसाशी."

माझं डोकं फिरलं. सासरा, सासू, ती कडी, सगळ्यांवर मी मनसोक्त तोंडसुख घेतलं. मग म्हटलं, "आज घरी जाऊन सासऱ्यांशी समोरासमोर बोल. मंगळवारी एकदम जमायचं नाही."

"घराबाहेर काढतील, मॅडम."

"काढलं तर माझ्याकडं ये," मी म्हणाले. म्हणायला काय जातं! ती गेल्यावर मात्र मला चैन पडेना. खिडकीशी जा, परत ये, फोन उचल, ठेव. दुपारचा क्लास मी कसा घेतला ते मुलांनाच माहीत. आपण शब्द शिकवायचे सोडून दुसऱ्याच्या घरात कशाला नाक खुपसावं?

सोमवारी जेवणाच्या सुट्टीत तिचा फोन आला. आदल्या संध्याकाळी ती पदर सावरून मुंजाबासमोर उभी राहिली होती. "मामा, मला लाइन लीडर व्हायचंय. तिथं मोठ्या मानसांसंगं बोलावं लागतं. मला येत नाय. म्हनून तुमच्यासंगं बोलतीय." पुतळाबाई, म्हणजे सासू, चुलीपासून उठून आली. "डोस्कं फिरलं का तुझं? लाज सोडली व्हय?" मुंजाबा उठला. काठी उचलून वाड्याकडं, मेंढरांत जाऊन बसला.

"मामा जेवले नाय मॅडम. सकाळी चहा पन घेतला नाय. लई मोठी चूक झाली."

 त्या दिवशी मी घरातल्या दोघांशी विनाकारण भांडले आणि कुकर उतरवायला विसरले.

मंगळवारी सकाळी पुन्हा फोन. कंपनीच्या बसचा घरघराट आणि तिचं रडणं. मला वाटलं, काढलं हिला. मी म्हणाले, "सामान घेतलंस का? ये इकडं."

"नाय मॅडम, तसं नाय."

ती बसची वाट बघत उभी होती, तेवढ्यात मुंजाबा मेंढरं हाकत सडकेवर आला. चराई दुसऱ्या अंगाला, इकडं तो कधीच येत नाही. तिच्यापुढं थांबला. पुतळाबाई जवळपास नव्हती, दुसरंही कोणी नव्हतं.

"नीट बोल त्यास्नी, पोरी," तो म्हणाला. "माझ्यासंगं बोललीस तसंच. मला समदं समजलं."