जहाजाच्या आकाराचं मंगल कार्यालय

अमडापूरच्या रस्त्याला कपाशीच्या शेतात एक जहाज उभं आहे. पांढऱ्या-निळ्या रंगाचं, तीन धुराड्यांचं. माझ्या मामेभावाचं मंगल कार्यालय ते. तिकडे पाहिलं की मला शिसारी येते, आणि त्याचा नकाशा मीच काढून दिलाय.

समुद्रावरच्या एका क्रूझ जहाजावर मी बारा वर्षं सुतार होतो. तिथे भिंतीवर जुन्या काळच्या प्रवासी जहाजांचे फोटो होते. लाटा कापणारं टोकदार पुढचं टोक, मागे कललेली धुराडी, मधोमध भव्य जिना. नव्या जहाजाने सगळं तिथूनच उचललेलं. जुनी मंडळी शोभेसाठी एखादं खोटं धुराडंही बसवायची. आमचंही अर्धं धुराडं नुसता दिखावाच होतं.

आणखी एक गोष्ट उचलली होती. गरीब प्रवासी श्रीमंतांच्या नजरेला पडू नयेत म्हणून जुन्या जहाजांत जाळीची दारं आणि वेगळे जिने असत. आता ते जिने आम्हा कामगारांच्या वाट्याला आले होते. भव्य जिन्यावर मी चढायचो तो फक्त कठडा घासायला, तेही पाहुणे जेवायला बसले की. मला त्याचा वीट आला, म्हणून तर परत आलो.

मामेभाऊ म्हणाला, "दादा, तू जहाजावर राह्यला, मले डिट्टो तसंच काढून दे." मी हुरळलो. भव्य जिना काढला, धुराड्यात पाण्याची टाकी बसवली. आणि कोणी मागितलं नसताना, सवयीने, भटारखान्यामागे एक अरुंद जिना काढला.

उद्घाटनाला आई माझ्याआधी पोचली. अंगावर रोजचं लुगडं, पायात रबरी चपला, हातात भाच्यासाठी टॉवेल-टोपी. मी गेलो तेव्हा ती त्या मागच्या जिन्यावर खरकट्या ताटांजवळ बसलेली. दारावरच्या माणसाने तिला सांगितलं होतं, "ओ मावशी, भांडेवाल्या बायायचा जिना मांगून हाय." त्याच्या मुस्काटात द्यावीशी वाटली, पण तो बिचारा माझ्याच नकाशाप्रमाणे वागला होता. मला माझीच किळस आली.

आई मात्र खुशीत होती. "पुढचा जिना तूच काढला म्हन्तेत ना? मले तं हाच बरा वाटला, सावली हाय. हा कोनं काढला?"

"मिस्तरीनं," मी म्हणालो.