तांब्याची कळशी

गुरुसिद्ध मास्तरांची एक सवय मला अजून झोंबते. सूक्ष्मदर्शकातून मुलांनी बघितलं की ते नुसते "पुढचा" म्हणत. मी बघून उठले की मात्र धोतराचा सोगा काढत आणि काच पुसत. घासून घासून. वर्गात अकरा मुलगे आणि मी एकटी मुलगी. दोन महिने सोसलं आणि मग भर वर्गात विचारलं, "मास्तर, मीच बघितल्यावर का पुसता?"

"काजळ," ते म्हणाले. "डोळे मढवून येतीस. माझी काच म्हणजे काय तुझी काजळाची डबी?"

दुसऱ्या दिवशी मी दुप्पट काजळ घालून गेले. तेव्हा मी अशीच होते. आता आठवलं की त्या पद्मेच्या कानाखाली एक द्यावीशी वाटते.

मास्तर मैंदर्गीचे. राग आला की मराठी सोडून कानडीत शिरत. "साकु!" म्हणजे पुरे. "नोडु!" म्हणजे बघ. आणि तिसरं वाक्य मराठीत, रोजचं: "पाहिलंस ते सांग. ऐकलंस ते घरी ठेव." हे मला ऐकवायचं कारण असं, की मी चित्रं पुस्तकातून काढायची आणि खाली लिहायची, 'प्रत्यक्ष पाहिले.'

मला ते आवडत नसत. त्यांना मी आवडत नव्हते. पण माझं सगळं त्यांच्याच हातात होतं. मला वैद्यकी शिकायला पुण्याला जायचं होतं, आणि माझ्या आप्पांनी, ते कापडाचे व्यापारी, एकच अट घातली होती: "शास्त्राच्या मास्तरांनी लिहून दिलं तर पुणं. नाहीतर माळशिरस." माळशिरसला उसाचा मळा होता, आणि मळ्याला एक नवरा होता.

आम्ही जैन. घरी पाणी दुहेरी फडक्यातून गाळायचं, आणि फडक्यावर अडकलेले सूक्ष्म जीव ज्या विहिरीतले त्याच विहिरीत अलगद परत सोडायचे. ह्याला जिवाणी म्हणतात. हे काम घरात माझ्याकडे होतं, आणि त्याचा मला भयंकर ताठा होता. एकदा वर्गात म्हणाले, "आमच्या पाण्यात जीव नसतातच. मी स्वतः गाळते."

मास्तरांनी माझ्याच कल्हई केलेल्या फिरकीच्या तांब्यातून थेंब घेतला. मग दुसरा. पाचव्या थेंबात एक सापडला. "नोडु."

चपलेच्या तळव्यासारखा एक जीव गिरक्या घेत चालला होता. अंगभर बारीक केस, आणि सगळे वल्ह्यांसारखे हलणारे.

"सबंध प्राणी एका पेशीचा," मास्तर म्हणाले. "हात न्हाय, पाय न्हाय, पोट न्हाय. मग कामं कोण करतं? प्रोटीन. गिरणीत सूत एकच येतं की, त्याचंच धोतर, त्याचीच चादर. तसं ह्याच्या अंगात. वल्ही प्रोटीनची, अन्न पचवणारा रस प्रोटीनचा." आणि बोलता बोलता त्यांनी काचेच्या कडेला सिरक्याचा थेंब सोडला.

वल्ही थांबली. आतला स्वच्छ भाग गढूळ झाला.

"शिजवलेल्या अंड्यासारखं झालं बघ."

मी अंडं कधी शिजलेलं पाहिलं नव्हतं. मागून कुणीतरी ओरडलं, "मास्तर, हिला अंडं आणून दाखवा की!" वर्ग खदखदला.

"नासलेल्या दुधासारखं," मी म्हणाले. "आणि तुम्ही मारलंत त्याला."

"मारलं. आणि मारलं असं सांगतोय. तू चहाचं पाणी उकळतीस तेव्हा सांगतीस?"

त्या दिवसापासून उघड युद्ध. मला 'महाराज' हे नाव पडलं, आमच्या जैन मुनींना म्हणतात ते.

मास्तरांच्या खिडकीत एक काचेची बरणी असे. तळ्याच्या पाण्यात कडब्याचे तुकडे कुजवून त्यांनी त्यात हे जीव वाढवले होते. वास असा की नाक धरावं. सोमवारी इन्स्पेक्टर येणार होते. त्यांना हे बघून समाधान वाटलं तर शाळेला दुसरा सूक्ष्मदर्शक मिळणार होता, आणि मास्तर महिनाभर त्या बरणीला लेकरासारखं जपत होते.

शनिवारी शाळा सुटल्यावर मी ती पदराखाली घालून घरी नेली. दुसऱ्या दिवशी सगळ्यांना तळ्यात सोडणार! पण शाळेतली बरणी, कुणी कशाला वापरलेली! म्हणून घरातली सगळ्यांत शुद्ध कळशी घेतली, तांब्याची, चिंचेनं लख्ख घासलेली, आणि त्यात सगळं ओतलं. रविवारी माळशिरसचे लोक मला बघायला आले, त्यामुळे बाहेर पडता आलं नाही. सोमवारी सकाळी सिद्धेश्वराच्या तळ्यात कळशी रिकामी केली, हात जोडले, आणि कळशी कमरेवर घेऊन थेट वर्गात. चेहऱ्यावर काय तेज असेल! अशा तेजाच्या पोरी दिसल्या की मी आता रस्ता बदलते.

इन्स्पेक्टर खुर्चीवर बसलेले. मास्तर खिडकीशी, मोकळ्या जागेकडे बघत. "बरणी कुणी नेली?"

"मी. सगळ्यांना सोडून दिलं."

"कशातून नेलंस?"

मी कळशी पुढे केली. तळाशी चार थेंब होते. त्यांनी एक काचेवर घेतला, स्वतः न बघता मला पुढे ढकललं. "आधी तू. साहेबांना सांग. पाहिलंस ते."

मी वाकले. 'काही दिसत नाही' म्हणता आलं असतं. तोंडात आलंही होतं. बरणी चोरलेली, वर हे. पुणं तर गेलंच होतं.

"खूप आहेत," मी म्हणाले. "सगळे थांबलेत. आत नासलेल्या दुधासारखं झालंय."

मास्तरांनी मग बघितलं.

"तांबं," ते म्हणाले. "पाण्यात थोडं थोडं उतरतं आणि प्रोटीनला धरतं. मी एक मारला. तू दया करून सगळे मारलेस. साकु. बस."

मागून 'महाराज' असं कुणी म्हणालं नाही. तेच जास्त लागलं.

दुसरा सूक्ष्मदर्शक आला नाही. वर्ष संपेपर्यंत मास्तर माझ्याशी एक शब्द बोलले नाहीत. फक्त काच पुसत राहिले. आप्पांनी मागितलं तेव्हा पत्र मात्र दिलं:

'ही मुलगी उद्धट आहे. तिने शाळेची बरणी चोरली. मला ती आवडत नाही. परंतु जे दिसले ते, स्वतःच्या विरुद्ध जात असूनही, तिने तसेच सांगितले. वैद्यकीस एवढे पुरे व्हावे.'

आप्पांनी ते दोनदा वाचलं. "चोर लिहिलंय," ते म्हणाले. "माळशिरसला कळलं तर तिकडचं दार बंदच. जा बाई पुण्याला."

डॉक्टर होऊन पेढे घेऊन गेले, तर मास्तर दारातच उभे. "पेढे नकोत. दुसरा सूक्ष्मदर्शक आणलास?" नव्हता आणला. त्यांनी दार लावलं.

मास्तर वारले तेव्हा मी केम गावच्या दवाखान्यात नोकरीला होते. सोलापूरला आले ती घरी न जाता शाळेत गेले. सूक्ष्मदर्शक तिथेच होता, त्याच टेबलावर. वाकून बघायला गेले तर काचेवर काळा डाग. बोटानं पुसून पाहिला. काजळ.

म्हणजे वर्गात कुणीतरी पोर होती.

मी पदराचं टोक घेतलं आणि काच पुसली. घासून घासून. आणि त्या कधी न पाहिलेल्या पोरीचा मला अस्सा राग आला!