लाल दोऱ्याची कणसं

पाचोडच्या रस्त्यावर हुरड्याचा वास आला की अजूनही माझं डोकं तडकतं. ज्वारीच्या संशोधनात असताना एका शेतकऱ्याच्या रानात आम्ही चाचणी घेतली होती. चार हंगाम निवडत निवडत कमी पाण्यावर तग धरणारी अकरा ताटं हाती लागली, आणि बियाण्यासाठी मी त्यांच्या कणसांना लाल दोरा बांधून ठेवला. थंडीत आमचे वरिष्ठ पाहणीला आले. बांधावर आगटी पेटलेली, गोवऱ्यांचा धूर, आणि शेतकऱ्याची बायको गरम कणसं हातावर चोळून दाणे पुढं करत होती. इतके गोड की मी दोनदा मागून घेतले. मग आगटीशेजारी पडलेला लाल दोऱ्यांचा गुंता दिसला. "काकू, ही कणसं कुठली?" "दोऱ्याचीच की. चांगली म्हणून तुम्हीच खूण केलती. पाहुण्याला का दुसरी द्यायची?" तिच्यावर चिडणार कसा, दोरा कशासाठी हे मी तिला कधी सांगितलंच नव्हतं. तेवढ्यात वरिष्ठ हात झटकत उठले, "चला, आता तुमची ती निवड दाखवा." माझ्या जुन्या वहीत त्या ताटांची उंची आहे, पाण्याच्या पाळ्या आहेत. चवीचा रकानाच नव्हता, आणि आता मला तेवढीच आठवते.