खरं वाक्य, फक्त इंग्रजीत

बाईंच्या क्लासचे नियम दोनच. उंबरठ्याच्या आत मराठी बंद, हा पहिला. आणि वाक्य स्वतःच्या आयुष्यातलं हवं, खरं हवं, हा दुसरा. "माय कॅट इज ब्लॅक" म्हणणाऱ्याच्या घरी मांजर नसेल तर बाई त्याला तिथल्या तिथे खाली बसवत. शाळेतून निवृत्त झाल्यावर पुढच्या खोलीत खुर्च्या आणि फळा मांडून त्यांनी हा नवा संसार थाटला होता, आणि त्या संसारात त्यांचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. जीभ तिखट, पण शिकवणं असं की दवाखान्यातली रिसेप्शनिस्ट, जी फोन वाजला की घाबरून पाणी प्यायची, ती आता पेशंटांना इंग्रजीतून दटावत होती.

त्यांचा लाडका विद्यार्थी मात्र व्हॅनकाका. शाळेची व्हॅन चालवणारा, पन्नाशीला टेकलेला, अबोल माणूस. बाईंची नात त्याच्याच व्हॅनमधून शाळेत जायची. पालकांशी इंग्रजीत बोला, असा शाळेनं हुकूम काढला तेव्हा बाईंनीच त्याला बोलावून घेतलं होतं. सकाळी पोरं शाळेत सोडली की दुपारी आणायला जाईपर्यंत त्याला थोडी सवड असे. त्या सवडीत माणसानं खरं तर आडवं व्हावं. हा येऊन खुर्चीत ताठ बसायचा.

त्या दुपारी धडा होता धावपळीच्या आयुष्याचा. या मालाचं इंग्रजीत मोठंच दुकान आहे. बाईंनी फळा भरून टाकला. कामाच्या दलदलीत रुतलेला माणूस 'स्वॅम्प्ड'. दिवसरात्र राबणारा म्हणजे मेणबत्ती दोन्ही टोकांनी जाळणारा. उभ्या उभ्या मेल्यासारखा झालेला 'डेड ऑन माय फीट'. मराठीत 'दमलो' म्हटलं की माणूस बिचारा वाटतो. तेच इंग्रजीत म्हटलं की साहेब वाटतो. रिसेप्शनिस्ट "माय लाइफ इज सो हेक्टिक" म्हणाली तेव्हा तिची मानसुद्धा ताठ झाली होती.

मग व्हॅनकाका उठला. खुर्चीची पाठ त्यानं दोन्ही हातांनी धरली.

"आय ॲम बर्निंग द कँडल ॲट बोथ एंड्स," तो सावकाश म्हणाला. "डे, स्कूल व्हॅन. नाइट, गोडाउन ट्रक. आय ॲम डेड ऑन माय फीट."

"व्हेरी गुड! मोअर!"

"यस्टरडे, ऑन सिग्नल, आय स्लेप्ट. आइज ओपन."

काल सिग्नलला उघड्या डोळ्यांनी झोप लागली, असं तो सांगत होता. बाईंना ऐकू आली ती चूक.

"ॲट द सिग्नल," त्यांनी सुधारलं. "विथ माय आइज ओपन."

"ॲट द सिग्नल. विथ माय आइज ओपन."

रिसेप्शनिस्टनं टाळ्या वाजवल्या. व्हॅनकाका हसला नाही. "बाई, जरा मराठीत सांगू का?" तो हळूच म्हणाला.

"नो मराठी!" बाईंनी खडू फळ्यावर आपटला.

तो खाली बसला. मग वेळ झाली तसा पोरं आणायला निघाला. दारातून जाताना त्याचा खांदा चौकटीवर आपटला, आणि त्याचं त्याला काही वाटलंसुद्धा नाही.

क्लास सुटला. बाई खुशीत फळा पुसत होत्या. काय छान शिकला हा! पुसता पुसता 'आइज ओपन'पाशी त्यांचा हात थांबला. या माणसानं आजवर क्लासमध्ये एकही खोटं वाक्य केलं नव्हतं.

हातातलं डस्टर बाईंनी तसंच खाली टाकलं. त्यांनी फोन लावला आणि लगेच कापला. गाडी चालवताना त्यानं उचलला तर? पायात चपला सरकवून त्या मोठ्या रस्त्याकडे सुटल्या. नात सगळ्यात शेवटी उतरायची. त्याआधी व्हॅन भरलेली असताना याच रस्त्यानं जायची.

व्हॅन आली. हळू येत होती, पण रस्त्याच्या कडेला फार घासून. बाई हात वर करून आडव्या उभ्या राहिल्या. ब्रेक इतका उशिरा लागला की बोनेटची धग त्यांच्या पोटाला जाणवली. नात पुढच्या सीटवर होती, मागे पोरं खिदळत होती. व्हॅनकाकाचे डोळे लालबुंद होते.

"रात्रीचा ट्रक कधीपासून चालवताय?" बाईंनी मराठीत विचारलं.

"बायको अंथरुणाला खिळली तेव्हापासून." त्यानं मान खाली घातली. "बाई, शाळेत बोलू नका. उद्याच काढून टाकतील."

गाडी बंद करा, किल्ली द्या, पोरांना मी घरी पोचवते, हे सगळं बाईंच्या ओठांवर आलं होतं. वर्गच्या वर्ग थरथरवणारी ती जीभ टाळूला चिकटून बसली. कुणाच्या पोटावर पाय कसा द्यायचा? मागे गाड्यांनी हॉर्नचा गोंगाट मांडला.

"उद्या बोलू आपण," त्या म्हणाल्या. "हिला मात्र मी आत्ता घेऊन जाते."

नात उतरेना. बाईंनी दंडाला धरून तिला खाली ओढलं. दार लागलं, पोरांनी "बाय आजी" करून काचेतून हात हलवले आणि व्हॅन पुढे गेली. आपलं पोर सुटलं म्हणून बाईंना हायसं वाटलं, आणि त्या हायसं वाटण्यानं त्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"मला का उतरवलंस?" नात रडकुंडीला आली होती. "माझं काम असतं ना गाडीत!"

"तुझं कसलं गं काम?"

"काकांचे डोळे मिटले की मी त्यांना चिमटा काढते. मागच्यांचा हात पोचत नाही."

बाई वळल्या आणि हाका मारत रस्त्यातून धावत सुटल्या. व्हॅन पुलाच्या उताराला लागली होती.