मुंग्यांवरची राख

आमच्या शेजारचे वैद्य एका जागी बसत नसत. कुणाची नाडी धरली तरी त्यांचा गुडघा हलत असायचा, आणि घटकेघटकेला तांब्याभर पाणी लागायचं. खालापूर-पोशीरकडचे पुरुष त्यांच्याकडे मान खाली घालून ताकदीचा पाक मागायला यायचे. वैद्य आधी विचारायचे, "लघवीला मुंग्या लागतात का रं?"

तो दचकून म्हणायचा, "लागतात."

"मग पाक नाय. गोड सोड, कारलं खा, चालत जा. आन् बायकोला खरं सांग. तिला वाटतं, तुझं मन उडालं."

हे सांगताना त्यांचा आवाज उगीच चढायचा. कुंपणाअलीकडे मलाही ते ऐकू यायचं.

एका सकाळी मी कुंपणाशी गेलो, तर वैद्य परसात ओणवे झालेले. मोरीच्या दगडावर मुंग्यांची रांग लागली होती आणि ते मडक्यातली राख तिच्यावर टाकत होते. मला पाहून ताडकन उठले.

"आमच्या मंडळींना कळू देऊ नका," एवढंच म्हणाले.

पण मागच्या दाराशी ते मडकं रोज चाळलेल्या राखेनं भरलेलं असे, आणि त्या घरात चुलीपाशी त्यांच्या बायकोशिवाय कुणी जात नसे.